पावसाळ्यातल्या कोंबड्या: आवारात चिखल, खुराड्यात ओलं तूस. आत्ता जुलैत काय करता येईल?

माजघर_संगमेश्वर
19 जुलै, सकाळी 7:40

माहिती आधी देतो म्हणजे विचारावी लागणार नाही. ठिकाण संगमेश्वर तालुका, जमीन जांभी, उताराची. चढ पश्चिमेला. 16 कोंबड्या आणि 2 कोंबडे (गावठी आणि गिरिराज मिसळ), शिवाय पाच आठवड्यांची 9 पिल्लं, सगळी एकत्र. खुराडं 6 बाय 8 फूट. पश्चिम, उत्तर आणि दक्षिणेला चिऱ्याच्या भिंती, पूर्वेला जाळी. वर सिमेंटचा पत्रा, त्याचा उतार पुढे म्हणजे पूर्वेकडे. पुढे 12 बाय 15 चं जाळीचं आवार, त्यावर छप्पर नाही.

अडचणी अशा:

आवारात घोटाभर चिखल आहे. मे महिन्यात पेंढा आणि पातेरा भरपूर पसरला होता, जूनअखेर त्याचा काळा रेंदा झाला. आता पाय रुततो.

खुराड्यात भाताचं तूस 2 इंच आहे, त्याच्या ढेपा झाल्यात. सकाळी दार उघडलं की डोळ्यांना झोंबतं. त्यावर चुना मारला तर वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. झड येते म्हणून पूर्वेच्या जाळीवर ताडपत्री जमिनीपर्यंत सोडली आहे.

अंडी दिवसाला 9-10 होती ती 4 वर आली. निम्मी चिखलाने माखलेली असतात.

दोन पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून बसतात. विष्ठा तांबूस. मक्याच्या पोत्यातही खालच्या बाजूला हिरवट बुरशी दिसते.

पाऊस अजून दोन महिने आहे. पुढच्या वर्षी काय करावं ते कळेलच, पण आत्ता या चिखलातच काय करता येईल ते सांगा.


गोठा_आणि_खुराडं
19 जुलै, सकाळी 9:05

बाकी सगळं दुपारी केलं तरी चालेल, पिल्लांचं आत्ता करा. पाच आठवड्यांचं पिल्लू, ओली जमीन, तांबूस विष्ठा, पंख पाडून बसणं: ही रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीमुळे होणारा रोग) धरूनच चाला. खात्री हवी असेल तर ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळतं. पण अहवालाची वाट बघत औषध थांबवू नका, डॉक्टरांशी फोनवर बोलून सुरू करा.

नऊही पिल्लं मोठ्यांपासून वेगळी काढा, फक्त आजारी दोन नव्हेत. पडवीत खोक्यात किंवा मोठ्या डालग्याखाली ठेवा, खाली कोरडं तूस, रात्री एक बल्ब. औषध अँप्रोलियमची 20 टक्क्यांची पाण्यात विरघळणारी पावडर. प्रमाण एका लिटरला 1.2 ग्रॅम, पाच दिवस. त्यानंतर एका लिटरला 0.3 ग्रॅम, आणखी एक ते दोन आठवडे. 1.2 ग्रॅम घरच्या चमच्याने मोजता येत नाही. सोनाराच्या काट्यावर 6 ग्रॅमच्या पाच पुड्या बांधून घ्या, एक पुडी 5 लिटरला. पिल्लं त्यातलं थोडंच पितील, उरलेलं रोज ओतून द्या आणि सकाळी नवीन करा. पाकिटावरची टक्केवारी मात्र आधी वाचा, निराळ्या टक्क्यांच्या पावडरीही मिळतात.

इथे लोक दोन ठिकाणी चुकतात. एक, औषधाबरोबर ताकदीसाठी बी कॉम्प्लेक्स देतात. अँप्रोलियम हे बी-1 जीवनसत्त्वासारखं दिसतं आणि परजीवीला ते जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणूनच ते काम करतं. वरून बी-1 पाजलं तर औषध निकामी. जीवनसत्त्वं द्यायचीच तर औषध संपल्यावर. दुसरं, पिल्लं आवारातल्या डबक्याचं पाणी पितात आणि औषधाचं भांडं तसंच राहतं. औषध चालू असताना दुसरं कुठलंही पाणी त्यांच्या वाटेला जाऊ देऊ नका.

या रोगाची अंडबीजं विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच रोग देण्याच्या अवस्थेत नसतात. ओल, हवा आणि 25 ते 30 अंश उष्णता मिळाली की एक-दोन दिवसांत तयार होतात. कोकणातला जुलै म्हणजे नेमकं हेच. ब्लीचिंग किंवा फिनाईलने ती मरत नाहीत. कोरडेपणा आणि उष्णता एवढीच त्यांना बाधते. म्हणून खाण्यापिण्याची भांडी रोज उकळत्या पाण्याने विसळा आणि भांड्याभोवतीचं ओलं तूस रोजच्या रोज काढा.

एक सावधपणा. विष्ठा हिरवट-पांढरी, मान वळलेली, तोंड उघडून श्वास, आणि मोठ्या कोंबड्याही एकामागून एक पडायला लागल्या तर ती रक्ती हगवण नव्हे, मानमोडी (राणीखेत) असू शकते. तिच्यावर औषध नाही, लसच. अशी मर दिसली तर पक्षी विकू नका, शेजाऱ्याला देऊ नका, मेलेले पऱ्ह्यात (ओढ्यात) टाकू नका. दवाखान्याला कळवा आणि तीन फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.


चिरेबंदी
19 जुलै, दुपारी 1:20

पिल्लांचं वर आलंच आहे. चिखलाकडे येऊ.

चिखलावर काही टाकून चिखल जात नाही, हे तुमच्या पातेऱ्याने दाखवलंच. पाणी कुठून येतं ते आधी बघायचं. तुमच्याकडे ते तीन वाटांनी येतं.

पहिली वाट पत्रा. खुराडं 6 बाय 8, पागोळ्या धरून पत्रा अंदाजे 8 बाय 10, म्हणजे साडेसात चौरस मीटर. दिवसाला 100 मिमी पाऊस झाला (जुलैत तुमच्याकडे हे नवल नाही) तर साडेसातशे लिटर पाणी. पत्र्याचा उतार पूर्वेला म्हणजे हे सगळं पाणी आवारात, तेही नेमकं दारापुढे, जिथे कोंबड्यांची सगळ्यात जास्त ये-जा. आवारातला बराच चिखल इथून आलाय.

दुसरी वाट मागचा चढ. वरचं पाणी पश्चिमेच्या भिंतीला थडकतं, दोन्ही बाजूंनी वळतं आणि आवारात उतरतं. काही भिंतीखालून आत झिरपतं, म्हणून तूस खालून ओलं.

तिसरी वाट आभाळ. ती शेवटी बघायची. पहिल्या दोन बंद केल्या तर तिसरी बरीच सोसण्यासारखी होते.

आत्ता भर पावसात यातलं काय जमतं? पन्हळ आणि चर ही दोन्ही कामं एका उघडिपीत होतात. पन्हळीला 4 इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून घ्या, 10 फुटाला 1 इंच उतार द्या, टोकाला आडवा पाइप लावून पाणी आवाराच्या पलीकडे सोडा. दारापुढे सोडलं तर केलेलं फुकट. पूर्वी पोफळीचं खोड चिरून पन्हळ करत, मिळत असेल तर तीही चालते, पण वर्षा-दोन वर्षांत बदलावी लागते.

चर मागच्या भिंतीपासून 3 फूट वर घ्या, 1 फूट रुंद, 1 फूट खोल, घोड्याच्या नालेच्या आकाराचा, दोन्ही टोकं खुराड्याच्या खालच्या अंगाला नेऊन सोडायची. भिंतीला लागून चर काढू नका, पाया उघडा पडतो. तळात चिऱ्याचे तुकडे बसवा, नाहीतर पहिल्या मोठ्या सरीत चर स्वतःच माती वाहून आणतो. काढलेली माती चराच्या खालच्या अंगाला, भिंतीच्या बाजूला बांधासारखी ठोकून बसवायची, वरच्या बाजूला नाही. आणि मोठा पाऊस झाला की फावडं घेऊन पातेरा काढायचा, हे सप्टेंबरपर्यंत रोजचं.

आवारातला काळा रेंदा फावड्याने वरवरचा 2-3 इंच ओढून काढा. त्यात सगळी विष्ठा आणि कुजका पेंढा आहे, तोच पाणी धरतो. नुसती जांभी माती उताराला इतकी वाईट नसते, पाणी बऱ्यापैकी सोडते. काढलेला माल थेट झाडांना घालू नका, कोपऱ्यात ढीग करून प्लास्टिकने झाका. पावसाळ्यानंतर नारळ-सुपारीला घालायला उत्तम.

त्यानंतर सगळ्या आवाराचा नाद सोडा. खुराड्याला लागून 12 बाय 6 एवढाच पट्टा चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्या आणि ताडपत्री घालून झाका आणि पावसाचे दिवस कोंबड्या तेवढ्यातच ठेवा. ताडपत्रीला फुटाला 3 इंच तरी उतार हवा, कमी दिलात तर पोटात पाणी साचून काठीसकट खाली येते. तिची वरची कड पत्र्याच्या पन्हळीखाली घाला, वर नको. खाली चालण्यासाठी फळ्या, जुनी पॅलेट, किंवा नारळाची सोडणं पालथी दाटीने मांडा. सोडणं सहज मिळतात, पाणी खाली जातं, कोंबड्या त्यावर उकरत बसतात, आणि कुजली तरी रेंदा होत नाही.

कायमचं काम नोव्हेंबरनंतर. आवार 180 चौरस फूट आहे. 20 मिमीची काळ्या दगडाची खडी 4 इंच म्हणजे 60 घनफूट, 0.6 ब्रास. तिच्यावर जुनी शेडनेट दुहेरी, आणि वर क्रश सँड 3 इंच, 45 घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासला थोडी कमी. शेडनेट विसरलात तर एका पावसात वाळू खडीत उतरते आणि कोंबड्या धारदार खडीवर चालतात. कडेने चिऱ्याचा एक थर, नाहीतर वाळू उताराने वाहून जाईल. चिऱ्याच्या खाणीवरचा लाल चुरा स्वस्त मिळतो म्हणून तो आणू नका, भिजला की त्याचा गाळ होतो. समुद्राची वाळूही नको, खारी असते.


डालगं
19 जुलै, दुपारी 3:50

चुन्याने वास का वाढला त्याचं उत्तर कुणी दिलं नाही, ते देते.

विष्ठेतलं युरिक आम्ल जिवाणू फोडतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. तूस आम्लधर्मी असेल तर तो बराचसा आतच अडकून राहतो. चुना पडला की तूस अल्कधर्मी होतं आणि अडकलेला अमोनिया एकदम सुटतो. चुलीच्या राखेचंही तेच. म्हणून ओल्या, विष्ठेने भरलेल्या तुसावर चुना किंवा राख कधीच नाही. चुन्याची जागा तुसाखाली: सगळं तूस काढलं, जमीन खरवडली, वाळली, मग विझवलेला चुना पातळ पसरायचा, 100 चौरस फुटाला 5 किलो या हिशेबाने तुमच्या 48 फुटांना अडीच किलो पुरे. वर नवं तूस. कळीचा चुना वापरू नका, ओल्या पायांना भाजतो. आणि चुना टाकताना कोंबड्या बाहेर.

डोळ्यांना झोंबण्याइतका अमोनिया म्हणजे कोंबड्यांच्या श्वासनलिकेची आतली झालर जळायला लागलेली असते. त्यानंतर सर्दी, घरघर, डोळ्यांत पाणी हे ओघाने येतं. माणूस उभ्याने दार उघडतो, कोंबडी मात्र त्याहून कितीतरी खाली, तुसाच्या जवळ रात्रभर बसते. वाकून, तिच्या उंचीवर वास घ्या म्हणजे कळेल.

आता ओल कुठून येते? गळतीच नव्हे. एक कोंबडी दिवसाला शंभरेक ग्रॅम विष्ठा टाकते, त्यात 70-75 टक्के पाणी. 18 पक्ष्यांची पावणेदोन-दोन किलो, म्हणजे सव्वा ते दीड लिटर पाणी रोज त्या तुसात, पत्रा एक थेंब गळत नसला तरी. शिवाय श्वासातली वाफ. हे पाणी बाहेर जायचा एकच रस्ता, हवा. आणि तो तुम्ही ताडपत्रीने बंद केलाय.

कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून मारतो. तुमची जाळी पूर्वेला आहे, म्हणजे जागा मुळात योग्य निवडली आहे. ताडपत्री वरून खाली सोडलेली काढा आणि उलटी बांधा: खालची कड जमिनीशी पक्की, उंची फक्त दोन-अडीच फूट, वरचं सगळं मोकळं. कोंबड्यांच्या अंगावर वारा येत नाही, वरून दमट हवा निघून जाते. वादळी पावसाच्या रात्री दोरीने वर ओढायची, तरी वरचा फूटभर उघडा राहिलाच पाहिजे. जमलं तर उत्तर-दक्षिण भिंतींच्या वरच्या थरातला एकेक चिरा, वासा टेकलेला सोडून, काढा आणि तिथे जाळी लावा. पश्चिमेची भिंत तशीच बंद राहू दे.

2 इंच तूस पावसाळ्यात काहीच नाही. 5 इंच हवं, म्हणजे तुमच्या खुराड्याला 55-60 किलो. तेवढंच आणखी कोरडं माळ्यावर राखून ठेवायचं, कारण ऑगस्टमध्ये गिरणीत कोरडं तूस मागून मिळत नाही. मूठभर तूस आवळून उघडून बघा: गोळा तसाच राहिला तर ओलं, मोकळं होऊन सुटलं तर बरोबर, बोटांतून धूळ उडाली तर जास्तच कोरडं. आठवड्यातून दोनदा दाताळ्याने हलवायचं, कोंबड्या बाहेर असताना. ढेप लागली तर ती हलवून मिसळायची नाही, उचलून टाकायची.

कोंबड्या बसतात त्या दांड्याखाली दोन फूट रुंद फळी लावा. निम्म्याच्या आसपास विष्ठा रात्री पडते, ती फळीवर पडेल आणि सकाळी खुरप्याने खरवडून बाहेर जाईल. एवढ्या एका फळीने तुसाचं आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. पाण्याचं भांडंही तुसावर नको, जाळी ठोकलेल्या चौकटीवर ठेवा आणि भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा. खाली ठेवलं की ती चोच झटकते आणि पाय घालते.


मँचेस्टरकर
19 जुलै, रात्री 8:15

इकडे ब्रिटनमध्ये हाच चिखल नोव्हेंबर ते मार्च असतो. इथली रीत म्हणजे आवारात कठीण लाकडाचे 1-2 इंची तुकडे 5-6 इंच जाड पसरणं. सालीचा भुगा नको, त्यात बुरशी धरते आणि ती फुप्फुसात जाते. तुकड्यांमधून पाणी खाली जातं, विष्ठा धुतली जाते, कोंबड्यांना उकरायला मिळतं. वर्षातून एकदा सगळं काढून नवं. बर्ड फ्लूमुळे हिवाळ्यात कधीकधी पक्षी बंदिस्त ठेवायचा सरकारी आदेश निघतो, म्हणून बरेच जण आवारावर पारदर्शक नालीदार पत्रे घालूनच टाकतात, उजेड राहतो आणि पाऊस नाही. एक पक्षी पाळला तरी नोंदणी लागते, इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 ऑक्टोबर 2024 पासून.


चिरेबंदी
19 जुलै, रात्री 9:02

पारदर्शक पत्र्याची कल्पना घेण्यासारखी आहे, सगळं आवार नसेल तर निम्मं तरी. लाकडाच्या तुकड्यांचं मात्र जपून. तुमच्याकडे हिवाळ्यात 5-7 अंश, लाकूड लवकर कुजत नाही आणि रक्ती हगवणीची बीजंही सुस्त असतात. इथे 27 अंश आणि हंगामात 3000 मिमीच्या वर पाऊस. उघड्यावर टाकलेले तुकडे एका पावसाळ्यात मऊ पडतात, वाळवी लागते ती वेगळीच, आणि वाळवी खुराड्याच्या वाशापर्यंत चढते. छपराखाली चालतील, उघड्यावर वाळू आणि खडीच बरी.


नाचणी_कणी
20 जुलै, सकाळी 6:30

अंडी आणि खाद्याचं मी लिहितो.

बुरशी लागलेला मका आधी बाजूला करा. धुऊन, वाळवून, भाजून चालत नाही, कारण बुरशी मरते पण तिने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष उष्णतेने जात नाही. ते यकृतावर बसतं, अंडी कमी होतात, लसीलाही पक्षी नीट दाद देत नाहीत. गाईम्हशीला घालून मोकळं व्हायचाही विचार नको, विष दुधात उतरतं. पुरून टाका. पोतं वरून चांगलं दिसत असलं तरी खालच्या थरातलं दाणा-दाणा निवडत बसू नका, सगळंच टाका. दोनशे-चारशे रुपये वाचवायला जाऊन कोंबड्या जातात.

पावसाळ्यात खाद्य 10-12 दिवसांपुरतंच आणायचं. पोतं लाकडी फळीवर, जमिनीपासून अर्धा फूट वर, भिंतीपासून फूटभर लांब. चिऱ्याची भिंत ओल ओढते. झाकणाचं पत्र्याचं पिंप सगळ्यात बरं, उंदरांचीही सोय होते. पण ओलसर मका पिंपात कोंडला तर आत घाम सुटून आणखी बिघडतो, म्हणून दाणा दाताखाली कटकन फुटला तरच भरायचा. भांड्यात दिवसाचं खाद्य दोन वेळा विभागून घाला, रात्री उरलेलं काढून टाका. तांदळाच्या कणीवर आणि कोंड्यावरच ठेवाल तर पावसाळ्यात भागत नाही. बाहेर हिंडून किडे, हिरवं खायला मिळत नाही, त्यामुळे दिवसाला पक्ष्यामागे 90-100 ग्रॅम अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य लागतं.

कवच पातळ येत असेल तर कॅल्शियम. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला 4 ग्रॅमच्या आसपास लागतं. कोकणात तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवांची कवचं फुकट मिळतात: मीठ जाईपर्यंत धुवा, तव्यावर किंवा चुलीत भाजा, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करा आणि वेगळ्या भांड्यात ठेवा. खाद्यात मिसळू नका. जिला हवं ती खाते, कोंबड्याला नको असतं.

अंड्यांचा आकडा 10 वरून 4 होण्याचं एकच कारण शोधू नका. ताडपत्रीने आत अंधार, अमोनिया, बुरशीचा मका, आणि गावठीचा खुडूकपणा (अंडी देणं थांबवून उबवायला बसणं), सगळं एकत्र आहे. गावठी कोंबडी वर्षाला 60-80 अंडी देते, तीही टप्प्याटप्प्याने. त्यामुळे 16 पैकी निम्म्या गावठी असतील तर पावसाळ्यात 6-7 अंडी मिळाली तरी बरं म्हणायचं. आत्ता खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी घालू नका. ऑगस्टची पिल्लं पुन्हा याच ओलीत रक्ती हगवणीच्या तोंडी जातात. ऑक्टोबरअखेर बसवलेली पिल्लं कोरड्यात वाढतात.

माखलेली अंडी: 4-5 कोंबड्यांमागे एक, 12 इंच लांब-रुंद पेटी, जमिनीपासून दीड फूट वर, आत 3 इंच कोरडा भुसा. दार आणि पेटी यांच्यामध्ये किमान 4-5 फूट कोरडं तूस चालायला हवं, म्हणजे पाय तिथेच पुसले जातात. अंडी सकाळी 11 आणि दुपारी 3 अशी दोनदा उचला. उबवायची अंडी धुवायची नाहीत, कवचावरचा थर जातो आणि जंतू आत शिरतात. खायची असतील तर ज्या दिवशी धुवाल त्या दिवशी वापरा.


डालगं
20 जुलै, सकाळी 8:10

तीन गोष्टी राहिल्या, थोडक्यात.

पाय. ओल्या जमिनीत तळवा मऊ पडतो, खड्यावर नाहीतर खिळ्यावर चिरतो आणि आत पू धरतो. कोंबडी लंगडत असेल तर तळव्यावर काळी खपली शोधा. कोमट मिठाच्या पाण्यात 10-15 मिनिटं पाय बुडवा, बीटाडीन लावा, कापसाने बांधा, कोरड्यात ठेवा. सूज गुडघ्याकडे चढत असेल तर घरी कापायला जाऊ नका, डॉक्टरच. दांडा 2 इंच रुंद, कडा गोल केलेला, अडीच फुटांपेक्षा उंच नको. जड गिरिराज उंचावरून उडी मारतात तेव्हाच तळवे फुटतात.

धूळस्नान. पावसात कोरडी माती मिळाली नाही की उवा आणि माइट वाढतात. 2 बाय 2 फुटांचं, फूटभर उंच खोकं छपराखाली ठेवा, तीन वाटे बारीक कोरडी माती आणि एक वाटा राख. (इथे राख चालते, कारण इथे विष्ठा नाही. झाली तर काढा.) आत्ता कोरडी माती चुलीमागे किंवा माळ्यावरच मिळेल. मे महिन्यात दोन गोणी भरून ठेवण्याची सवय लावा.

जनावरं. पावसात मुंगूस आणि उंदीर भिंतीखालून भुसभुशीत माती सहज उकरतात. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर दीड फूट आडवी अंथरून वर चिरे ठेवा. षट्कोनी कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवते, मुंगसाला अडवत नाही. अंडी उचलताना पेटीत हात घालण्याआधी बॅटरी मारा, घोणस कोरडी जागा शोधते. आणि खुराडं साफ करताना गमबूट, हातमोजे. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो, चिखलात अनवाणी उतरायचं काम नाही.


गोठा_आणि_खुराडं
20 जुलै, सकाळी 10:25

लसीचं आधी लिहायचं राहिलं. मानमोडीची लस पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब, चौथ्या आठवड्यात लासोटा या लसीची दुसरी मात्रा, आणि आठ ते दहा आठवड्यांत आरटूबी ही मानमोडीचीच लस, कातडीखाली अर्धा मिली. कोंबड्यांच्या देवीची लस सहा-सात आठवड्यांत पंखाच्या पातळ कातडीत. देवी डासांमुळे पसरते, म्हणून तीही पावसाआधी झालेली बरी. तुमच्या पिल्लांना चौथ्या आठवड्याची मिळाली नसेल तर आत्ता आजारात देऊ नका. हगवण पूर्ण थांबून आठवडा गेला की मग. कुपी 100-200 मात्रांची असते, वाडीतल्या दहा घरांनी मिळून एकच दिवस ठरवला तर वाया जात नाही. बर्फाच्या थर्मासमध्ये आणायची, कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवायची. पाण्यातून देणार असाल तर त्या पाण्यात क्लोरीन अजिबात नको, आणि लिटरला 5 ग्रॅम स्निग्धांश काढलेली दूध पावडर घाला. विहिरीच्या गढूळ पाण्यात एरवी क्लोरीनचे थेंब घालत असाल तर दोन दिवस आधी थांबवा.

जंताचं औषधही आत्ताच नको, पिल्लं सावरू देत. मोठ्यांना मात्र दवाखान्यात विचारून द्या. गांडुळं आणि गोगलगाई खाऊन पावसाळ्यात जंत वाढतातच. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत ते औषधागणिक निराळं असतं, ते तिथेच विचारून घ्या.


माजघर_संगमेश्वर
21 जुलै, संध्याकाळी 6:50

पिल्लं पडवीत आणली, डॉक्टरांशी बोलून अँप्रोलियम चालू केलं. ताडपत्री उलटी बांधली, आज सकाळी दार उघडल्यावर डोळे झोंबले नाहीत. ढेपा काढल्या, सहा पाट्या निघाल्या. चर उद्या. एक अडलंय: सिमेंटच्या पत्र्याला पन्हळ अडकवायची कशी? भोक पाडायला गेलं तर तडा जाईल अशी भीती वाटते.


चिरेबंदी
21 जुलै, रात्री 8:30

पत्र्याला हात लावू नका, तडा जाऊ शकतो. हूक वाशांच्या टोकांना मारायचे. 25 मिमी रुंद, 3 मिमी जाड लोखंडी पट्टी पाइपच्या अर्धगोलात वाकवून घ्या, वर सहा इंच सरळ शेपूट ठेवा, त्यात दोन भोकं, आणि वाशाच्या बाजूला दोन स्क्रू. खिळे नकोत, ओल्या वाशातून सुटतात. दोन-अडीच फुटांवर एक हूक, 10 फुटांना पाच लागतील. दोन टोकांचे हूक आधी, त्यांच्यात दोरी ताणून 1 इंच उतार साधा, मग मधले. पत्र्याची कड पन्हळीच्या आत दोन इंच यायला हवी. कमी आली तर वाऱ्याने पाणी मागे वळून वाशावर जातं, जास्त आली तर जोराच्या सरीत पन्हळीवरून उडून पलीकडे पडतं. वासे पत्र्याच्या कडेपर्यंत पोचत नसतील तर आधी एक आडवी रीप ठोका, हूक तिला. आणि वरच्या तोंडाला झाकण बसवायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच रात्री अर्धं पाणी उलट्या बाजूने सांडेल.